धुराची गाळणी काढल्याने काय होते?



गाळप हंगाम जवळ आला की वाहतुकीचे करार होतात, उचल दिली जाते आणि गटागटांतले ट्रक, टिपर, ट्रॅक्टर गॅरेजला लागतात. या दिवसांत निरवांगी, निमसाखर, खोरोची या बाजूला फिरताना वाहतूकदार सभासदांकडून एक प्रश्न हमखास कानावर येतो. "साहेब, गाडीचा डीपीएफ काढून टाकावा म्हणतोय. गॅरेजवाला म्हणतो, एकदा काढला की कटकट मिटली. काढू का?"

शेतकी खात्याच्या माणसाला हे विचारण्याचे कारण काय, असे कोणी म्हणेल. पण गाडी वाटेत अडली की तोडलेला ऊस फडात वाळतो, आणि वाळल्या उसाचे वजन कोणाचे घटते हे ऊस पिकवणाऱ्याला सांगायला नको. तेव्हा विषय मेकॅनिकचा असला तरी आपलाही आहे. शिवाय हा प्रश्न गाडीपाशी संपत नाही, तो माणसांपर्यंत जातो. त्याचे उत्तर एका वाक्यात देता येत नाही म्हणून हा लेख.

डीपीएफ म्हणजे डिझेल इंजिनाच्या धुरातली काजळी अडवणारी गाळणी. ती इंजिन आणि सायलेन्सरच्या मध्ये, धुराच्या नळीत बसवलेली असते. बाहेरून पाहिली तर पत्र्याचा जाड डबा, आत मधमाशीच्या पोळ्यासारखी सिरॅमिकची वीट. विटेत शेकडो बारीक नळ्या असतात. एक नळी पुढून उघडी व मागून बुजवलेली, शेजारची पुढून बुजवलेली व मागून उघडी. धूर पहिल्या नळीत शिरतो, पुढे वाट बंद, म्हणून भिंतीच्या बारीक छिद्रांतून पाझरून शेजारच्या नळीत उतरतो आणि बाहेर पडतो. वायू पार होतो, काजळी भिंतीवर राहते. ज्यांनी कारखान्यातला व्हॅक्यूम फिल्टर चालताना पाहिला आहे त्यांच्या हे चटकन ध्यानात येईल. तिथे रस जाळीतून आत ओढला जातो आणि प्रेसमड वर धरून राहतो, तसेच हे. गाळणी धडधाकट असेल तर काजळीच्या शंभर कणांतले पंच्याण्णवहून जास्त कण ती अडवते.

फरक इतकाच की प्रेसमड खरडून काढता येतो. काजळी मात्र गाळणीच्या आतच जाळावी लागते. ती दोन प्रकारे जळते. इंजिन भाराखाली असले, धूर चांगला तापलेला असला की चालता चालता आपोआप थोडी थोडी जळत राहते, ड्रायव्हरला पत्ताही लागत नाही. तेवढ्याने भागले नाही आणि काजळी साठत गेली की इंजिनाचा संगणक जादा डिझेल सोडून गाळणीतील उष्णता ५५० ते ६५० अंशांपर्यंत नेतो आणि काजळी जाळून काढतो. यालाच गॅरेजमध्ये 'रिजन' म्हणतात. याला साधारण अर्धा तास लागतो आणि तो मध्येच तोडायचा नसतो. काजळी जळाली तरी इंजिन ऑइलमधील क्षारांची राख मागे राहतेच. ती जळत नाही. काही हंगामांनी गाळणी उतरवून यंत्रावर साफ करून घ्यावी लागते.

कोणत्या गाड्यांना ही गाळणी असते? १ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ नियम आले. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१८ मध्येच निकाल दिला होता की ३१ मार्च २०२० नंतर बीएस-४ गाडी विकता येणार नाही. त्यानंतरचे ट्रक, टिपर, डिझेल पिकअप यांच्यावर गाळणी आहे असेच धरून चालावे. ट्रॅक्टरचे वेगळे आहे. त्याचा 'ट्रेम-४' हा नियम अनेकदा पुढे ढकलला जाऊन १ जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीच्या वरच्या ट्रॅक्टरांना लागू झाला. आधीच्या नियमात या ताकदीच्या इंजिनाला एक किलोवॅट-तास कामामागे ०.४ ग्रॅम काजळी सोडायची मुभा होती. नव्या नियमात ०.०२५ ग्रॅम, म्हणजे सोळावा हिस्सा. एवढी कपात साध्या पंप-नोझलच्या दुरुस्तीने होत नाही, म्हणून गाळणी आली. ५० अश्वशक्तीच्या आतल्या ट्रॅक्टरांवर, म्हणजे आपल्या गटांतल्या बऱ्याच जणांकडे आहेत त्यांच्यावर, ही भानगडच नाही. आपल्या गाडीवर गाळणी आहे की नाही हे कंपनीच्या पुस्तिकेत पाहावे, ऐकीव माहितीवर जाऊ नये.

ती आपल्याकडेच का चोंदते?

वाहतूकदारांची तक्रार खोटी नाही. दिवा लागतो, मग दुसरा दिवा लागतो, मग गाडी ओढत नाही. भरलेल्या दोन ट्रॉल्या घेऊन चढावर गाडीने मान टाकली की ड्रायव्हरच्या जिवाला काय होते ते त्यालाच ठाऊक. पण दोष कुठे आहे ते नीट पाहिले पाहिजे.

पुष्कळांना वाटते की उसाच्या ओझ्याने गाळणी चोंदते. तसे नाही, उलट आहे. भरलेल्या ट्रॉल्या ओढताना इंजिन तापलेले असते, तेव्हा गाळणी खुशीत असते. ती चोंदते रांगेत. केन यार्डात पाळी येईपर्यंत गाडी तासन्‌तास उभी, आणि इंजिन चालूच. कोणाचा सेल्फ कमजोर असतो, कोणाची बॅटरी उतरलेली, कोणाला टेप ऐकायचा असतो, कोणी नुसतेच सवयीने बंद करत नाही. दर दहा मिनिटांनी चार हात पुढे सरकायचे. अशा वेळी धूर थंड असतो, काजळी पडत राहते आणि जळत मात्र नाही. गाडी शेवटी काट्यावर जाते, गव्हाणीपाशी रिकामी होते, संगणक रिजन सुरू करतो, तोवर ड्रायव्हर चहाला उतरून चावी फिरवतो. रिजन अर्धवट राहते. असे चार वेळा झाले की पाचव्या वेळी दिवा लागणारच.

अर्धवट रिजनचा आणखी एक घातक परिणाम असतो. काही इंजिनांत रिजनसाठी सोडलेले जादा डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरते. ऑइलची पट्टी काढून पाहिली तर पातळी वाढलेली दिसते. ड्रायव्हर खूश होतो, की ऑइल कमी झाले नाही! ते ऑइल पातळ झालेले असते आणि बेअरिंग खाते. पातळी वाढलेली दिसली तर ती कमी झाल्यापेक्षा वाईट समजावी.

दुसरे कारण तेलाचे. बीएस-६ डिझेलमध्ये गंधक दहा लाख भागांत १० भागांपुरतेच ठेवलेले असते, बीएस-४ मध्ये ते ५० होते. बायोडिझेल म्हणून बॅरलमधून जे स्वस्त तेल मध्यंतरी रस्तोरस्ती विकले जात होते त्यात काय असते हे विकणाऱ्यालाही सांगता येत नाही. लिटरमागे वाचलेले दहा-वीस रुपये गाळणीत आणि नोझलमध्ये व्याजासकट परत जातात. इंजिन ऑइलही कमी राखेचे, पुस्तिकेत लिहिलेल्या प्रतीचेच हवे. जुन्या ट्रॅक्टरचे उरलेले ऑइल नव्या टिपरला ओतणे ही काटकसर नव्हे.

तिसरे कारण लपलेले असते. नोझल गळते, टर्बोतून ऑइल जाते, धुराचा काही भाग परत इंजिनात घेणारा ईजीआर वाल्व अडकतो. मग इंजिन मुळातच जास्त काजळी करते आणि गाळणी लवकर भरते. अशा वेळी गाळणी काढणे म्हणजे उसाला हुमणी लागली असता पिवळी पाने तेवढी तोडून टाकण्यासारखे आहे. दिवा विझतो, मुळाचे खाणे चालूच राहते.

(ता. क. बीएस-६ ट्रकांना युरियाचे पाणी, म्हणजे डीईएफ, वेगळ्या टाकीत लागते. ते गाळणीसाठी नव्हे, नायट्रोजनच्या वायूंसाठी. शेतातला निंबोळी लावलेला युरिया बादलीत विरघळवून त्या टाकीत ओतू नये. त्या पाण्यात शुद्ध युरियाचे प्रमाण बरोबर साडेबत्तीस टक्के ठरलेले असते आणि निंबोळीच्या तेलाने पुढची सगळी यंत्रणा बसते. शिवाय तो अनुदानाचा युरिया आहे, तो उसालाच गेला पाहिजे.)

काढतात म्हणजे काय करतात?

डबा उतरवायचा, कापायचा, आतली वीट पहारीने फोडून बाहेर काढायची आणि डबा परत वेल्डिंग करून जागच्या जागी लावायचा. बाहेरून पाहणाऱ्याला सारे जसेच्या तसे. मग लॅपटॉप लावून संगणकाचा कार्यक्रम बदलायचा, म्हणजे गाळणी नाही हे इंजिनाला कळू नये आणि दिवा लागू नये. वीट फोडताना जी काळी भुकटी उडते ती काजळी, राख आणि सिरॅमिकची असते. काम करणारी पोरे बहुधा तोंडाला रुमालसुद्धा बांधत नाहीत.

काढल्यावर गाडी हलकी पळते, ॲव्हरेज वाढते असे सांगतात. यात थोडे तथ्य आहे, फार नाही. चोंदलेल्या गाळणीशी तुलना केली तर कोणतीही गाडी हलकीच वाटेल. साफ केलेल्या गाळणीशी तुलना करा, फरक किरकोळ निघतो. उलट कंपनीची वॉरंटी गेली, आणि बदललेला कार्यक्रम बसवणाऱ्याने तो कोणत्या इंजिनावर अजमावला होता ते देव जाणे. गेल्या हंगामात आपल्याच भागातील एका वाहतूकदाराने गाळणी काढून घेतली. दोन महिने गाडी झकास चालली, नंतर टर्बो गेला. गळती आधीपासूनच होती, गाळणी भरून ती तेच सांगत होती.

आता मुख्य गोष्ट. पदविकेला असताना आम्हाला ट्रॅक्टरचा ऑइल-बाथ एअर क्लीनर खोलून साफ करायला शिकवत. तो काढून ट्रॅक्टर चालवा असे कोणी सांगितले तर आपण त्याला वेड्यात काढू, कारण धूळ आत गेली तर इंजिन आपले खराब होते. एअर क्लीनर आपल्या इंजिनाला वाचवतो म्हणून त्याला कोणी हात लावत नाही. धुराची गाळणी दुसऱ्याच्या छातीला वाचवते, म्हणून ती काढायला हात पुढे येतो. इतका साधा हिशोब आहे.

ते दुसरे कोण, हे आपल्याला रोज दिसते. रांगेत उभ्या असलेल्या गाड्यांच्या बाजूलाच तोडणी मजुरांच्या कोप्या असतात. बीडकडून, अहिल्यानगरकडून आलेली माणसे, त्यांची तान्ही पोरे, दावणीची बैले, सगळी त्या धुरात. रात्रपाळीचे ड्रायव्हर दोन गाड्यांच्या मध्ये घोंगडी टाकून झोपतात. ट्रॉलीच्या मागून सायकलवर शाळेला जाणारी मुले निरवांगीचीच असतात. आपले ड्रायव्हर तर सगळा हंगाम त्यातच काढतात. काजळीचे हे कण केसाच्या जाडीच्या शेकडो पटींनी बारीक असतात, नाकातल्या केसांत अडकत नाहीत, फुफ्फुसाच्या तळापर्यंत पोचतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जून २०१२ मध्ये डिझेलच्या धुराला माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातले. तंबाखूचा धूर त्याच गटात आहे.

कोणी म्हणेल, पाचट पेटवले की याच्या कितीतरी पट धूर होतो, मग गाडीचेच काय घेऊन बसलात? बरोबर आहे, पाचट पेटवू नयेच, ते सरीत कुजवावे, खोडव्याला त्याचाच आधार आहे. पण एक चूक दुसरीचे समर्थन होत नाही. आणखी कोणी म्हणेल, मोठ्या कंपन्याच फसवतात, आम्हालाच का सांगता? त्यांनी फसवले तेव्हा पकडलेही गेले. फोक्सवॅगन कंपनीच्या डिझेल गाड्या तपासणीच्या वेळी वेगळ्या आणि रस्त्यावर वेगळ्या चालतात हे २०१५ साली अमेरिकेत उघड झाले. तेव्हा आपल्या पुण्याच्या वेताळ टेकडीवरील एआरएआय संस्थेने इथल्या गाड्या रस्त्यावर चालवून मोजल्या. नायट्रोजनचे वायू मर्यादेपेक्षा जास्त निघाले. कंपनीला देशातल्या सव्वातीन लाखांच्या आसपास गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या, आणि मार्च २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने ५०० कोटींचा दंड सुनावला. त्या वसुलीला पुढे सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली हा भाग वेगळा. तिथे विषय वायूंचा होता, काजळीचा नव्हे, पण युक्ती तीच, संगणकाचा कार्यक्रम बदलण्याची.

तपासणीत सापडते का?

याचे खरे उत्तर असे की आपल्याकडच्या पीयूसीत दरवेळी सापडेलच असे नाही. डिझेल गाडीच्या पीयूसीत इंजिन तापवून पुरती रेस देतात आणि धुरातून प्रकाश किती अडतो ते यंत्र मोजते. जुन्या गाड्यांना २.४५, बीएस-४ ला १.६२ आणि बीएस-६ ला ०.७ पर्यंत आकडा चालतो. हे यंत्र काळा धूर चांगला ओळखते. पण नव्या इंजिनाची काजळी इतकी बारीक असते की ती प्रकाश फारसा अडवत नाही. त्यामुळे गाळणी फोडलेली गाडीही कधी कधी सुटून जाते. गॅरेजवाला "पीयूसी मी काढून देतो" म्हणतो ते याच भरवशावर.

बाहेर देशांत हीच अडचण आली. इंग्लंडात वार्षिक तपासणीत फेब्रुवारी २०१४ पासून गाळणी जागेवर आहे का ते डोळ्यांनी पाहू लागले. नसली तर गाडी नापास. मग लोक रिकामा डबा लावू लागले. हॉलंडने १ जानेवारी २०२३ पासून आणि जर्मनीने १ जुलै २०२३ पासून वेगळेच यंत्र आणले. ते धुरातले कण चक्क मोजते. जर्मनीत एका घन सेंटिमीटरला अडीच लाखांची मर्यादा आहे. धड गाळणीचा आकडा काही हजारांत राहतो, फोडलेल्या गाळणीचा लाखांत जातो. तिथे रिकामा डबा चालत नाही. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने २०२० साली काढलेला अंदाज असा की आधीच्या दहा-बारा वर्षांत तिथे साडेपाच लाखांहून जास्त डिझेल पिकअपची अशी साधने काढली गेली. म्हणजे हा रोग एकट्या आपल्या तालुक्याचा नाही.

पीयूसीतून सुटलात म्हणून कायद्यातून सुटत नाही. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ प्रमाणे कंपनीने बनवलेल्या गाडीत मालकाला परस्पर फेरफार करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ प्रमाणे असा फेरफार करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरफारामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. प्रदूषणाची मर्यादा ओलांडून गाडी चालवल्यास कलम १९० खाली तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहेत, आणि तीन महिने लायसन्स अपात्र ठरते. तेव्हा गाडी मालकाची, पण झळ ड्रायव्हरलाही. मालवाहू गाडीचे फिटनेस पहिल्या आठ वर्षांत दर दोन वर्षांनी आणि नंतर दर वर्षी करावे लागते. निरीक्षकाने खाली वाकून डब्यावरचे नवे वेल्डिंग पाहिले तर जाब गॅरेजवाल्याला विचारला जात नाही, आरसी बुकावर ज्याचे नाव त्याला विचारला जातो.

मग करावे काय?

पहिला दिवा लागला की लगेच गाडी भाराखाली वीस-पंचवीस मिनिटे सलग चालवावी, बहुतेक वेळा तेवढ्याने काम होते. दुसरा दिवा लागण्याची वाट पाहू नये. उभ्याने रिजन करायचे बटण असेल तर ते कधी दाबायचे हे ड्रायव्हरला पुस्तिकेतून वाचून दाखवावे. आणि ही बाब फार जपण्याची आहे. उभ्याने रिजन चालू असताना धुराची नळी आणि तिच्यातून येणारा वारा दोन्ही भयंकर तापतात. फडात, पाचटावर किंवा भरलेल्या दुसऱ्या ट्रॉलीला लागून गाडी उभी करून हे कधीही करू नये. वाळल्या पाचटाला पेट घ्यायला एवढी उष्णता पुरून उरते. एका गाडीच्या रिजनपायी शेजाऱ्याचा उभा ऊस गेला तर भरपाई कोण देणार?

रांगेत पाच मिनिटांपेक्षा जास्त थांबायचे असेल तर इंजिन बंद. यासाठी सेल्फ आणि बॅटरी हंगामापूर्वीच दुरुस्त करून घ्यावी, हा खर्च गाळणीच्या खर्चापुढे काहीच नाही. नवी गाळणी महाग आहे हे मान्य, पण बहुतेक वेळा नवी लागतच नाही, उतरवून साफ करून चालते. वारंवार चोंदत असेल तर आधी नोझल, टर्बो आणि ईजीआर तपासून घ्यावेत. डिझेलची आणि ऑइलची बिले जपून ठेवावीत, वॉरंटीच्या वेळी कंपनी तीच मागते.

वापरलेली गाडी विकत घेणाऱ्या सभासदांनी व्यवहारापूर्वी धुराच्या नळीच्या टोकाला आतून बोट फिरवून पाहावे. गाळणी शाबूत असेल तर नळी आतून जवळजवळ स्वच्छ असते. बोट काळेकुट्ट झाले तर डबा रिकामा किंवा फुटका समजून पुढे बोलावे.

यार्डात उभ्याने रिजन करण्यासाठी काट्यापासून लांब, पाचट झाडून घेतलेली मोकळी जागा चुन्याने आखून द्यावी असे शेतकी विभागाने सुचविले आहे. तेथे एका वेळी एकच गाडी लावायची आहे. ड्रायव्हरने गाडी सोडून जायचे नाही आणि पाण्याचा ड्रम भरलेला असल्याची खात्री करूनच बटण दाबायचे. गाडी लावण्यापूर्वी यार्ड सुपरवायझरकडे नंबर नोंदवावा. त्या गाडीची रांगेतील पाळी जाणार नाही.